वाटीच्या तळाची राख

उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी चर्चच्या दाराशी एक रिकामी टोपली ठेवली जाते. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी गेल्या वर्षी वाटलेल्या झावळ्या लोकांनी घरून आणून त्यात टाकायच्या, त्या जाळायच्या आणि त्यांची राख बुधवारी कपाळाला लावून घ्यायची. टोपली ठेवण्यापासून राख चाळण्यापर्यंतचं सगळं काम किल्लीमावशींकडे होतं. वेदीच्या मागची साक्रिस्तीची लहान खोली, तिथली फादरांच्या झग्यांची कपाटं, मेणबत्त्या, धूपाचा डबा, द्राक्षारसाच्या बाटल्या, सगळं त्यांच्या हाताखाली असे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मावशी येताना आधी जुडगा बोलायचा, आणि बहुतेक वेळा तेवढंच बोलणं व्हायचं.

यंदा टोपली निम्मीसुद्धा भरली नाही. लोक झावळी मोठ्या भक्तीने घरी नेतात, भिंतीवरच्या क्रुसामागे खोचतात, आणि मग कधीतरी साफसफाईत ती कुठे जाते ते त्यांनाही कळत नाही. मावशींनी गोळा झालेल्या झावळ्या जुन्या घमेल्यात जाळल्या तेव्हा राख तळहातावर मावेल एवढीच झाली. एवढ्यात सगळ्या धर्मग्रामाची कपाळं कशी भागवायची? कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची भट्टी लाकडावर चालायची. मावशी त्याच्याकडून डबाभर पांढरी, मऊ राख घेऊन आल्या, ती पातळ कापडातून चाळली आणि झावळ्यांच्या राखेत मिसळली.

दरवर्षी मावशी राखेत तेलाचे थोडे थेंब घालायच्या. त्यांच्या आधी किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईंनी तसं शिकवलं होतं. पण गेल्या वर्षी तेल कमी पडलं, राख कोरडी राहिली आणि लोकांच्या पापण्यांवर, नाकांवर, शर्टांवर सांडली. फादर नंतर हसत म्हणाले होते की यंदा आपण कपाळांपेक्षा कॉलरी जास्त पवित्र केल्या. सगळे हसले. मावशीही हसल्या, पण ते त्यांच्या मनात राहिलं. त्यातून या वर्षी तेलाच्या बाटलीला खवट वास येत होता. देवाच्या कामाला वासाचं तेल घ्यायला त्यांचं मन होईना. मग मंगळवारी संध्याकाळी त्यांनी राखेत पवित्र पाणी घातलं, बोटांनी मळून मळून ती काजळासारखी केली आणि वाटीवर बशी झाकून ठेवली. लाकडाची राख रात्रभर पाण्यात मुरली की तिला धार येते, कातडीला खाते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी त्यांचं मन राखेत नव्हतंच. ते मुलाकडे होतं.

मुलगा एकुलता एक. चर्चच्याच रस्त्यावर त्याचं केस कापायचं दुकान होतं, आधी वडिलांचं, आता त्याचं. वडील गेले तेव्हा दफनविधीच्या मिस्सेत, म्हणजे वेदीवरच्या उपासनेत, तेव्हाच्या फादरांनी मृताचं नाव चुकवलं. दुसऱ्याच कुणाचं तरी घेतलं. पहिल्यांदा चुकलं तेव्हा मुलाने मान वर केली. दुसऱ्यांदा तेच नाव आलं तेव्हा तो बाक सोडून बाहेर गेला आणि एकटाच कबरीपाशी जाऊन उभा राहिला. माती दिली, आणि त्यानंतर चर्चची पायरी चढला नाही. फादरांकडे कुणी विषय काढला तर ते म्हणाले, देवाला नाव माहीत आहे, तुम्ही काळजी करू नका. चूक झाली, एवढं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. पुढे त्यांची बदली झाली. मुलाच्या रागाची बदली काही झाली नाही.

मावशी रोज एक वेळ जेवत, उपवासकाळ असो नसो, आणि दुसरं जेवण ज्याच्यासाठी सोडलं त्याचं नाव कुणाला सांगत नसत. सुनेला मात्र ते ठाऊक होतं. सून दवाखान्यात मलमपट्टीच्या खोलीत कामाला होती. दिवसभर लोकांच्या जखमा बघून तिला माणसं लवकर कळायची. तीच यंदा म्हणाली, आई, तुम्ही एकदा त्यांना सरळ सांगून बघा, रागावून नाही आणि रडूनही नाही. म्हणून मंगळवारी मुलाला जेवायला वाढताना मावशी म्हणाल्या की उद्या सकाळी माझ्यासाठी ये, पुन्हा कधी म्हणणार नाही. तो भाताचा घास कालवत राहिला. मावशींनी त्या गप्प राहण्याचा अर्थ लावायचा नाही असं ठरवलं आणि साक्रिस्तीत जाऊन राख भिजवली.

बुधवारी सकाळी तो आला.

शेवटच्या बाकावर बसला, दाराच्या बाजूला, केव्हाही उठून जाता येईल असा. राख घ्यायच्या रांगेतही शेवटचा. त्याची पाळी आली तोवर वाटी संपत आली होती. फादरांनी अंगठ्याने तळ खरवडून घेतला आणि माणूस मातीचा आहे याची आठवण देणारे शब्द म्हणत त्याच्या कपाळावर क्रूस काढला. चांगला जाड, काळाभोर क्रूस. मावशी वेदीच्या बाजूला उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्या जागेवरून त्यांनी कितीतरी कपाळं पाहिली असतील, पण त्या दिवशी त्यांना दुसरं कपाळ दिसलंच नाही.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी त्याला गाठलं. म्हणाल्या, "झोपेपर्यंत पुसू नकोस हं. तुझे वडील कधी पुसत नसत."

"बरं," तो म्हणाला आणि दुकान उघडायला गेला.

दुपारपासून फादरांकडे फोन यायला लागले. जे कचेरीत पोचल्याबरोबर तोंड धुवून मोकळे झाले होते त्यांचं थोडक्यात निभावलं, कपाळ जरा लालसर झालं एवढंच. पण ज्यांनी श्रद्धेने राख ठेवली होती, गायनमंडळातल्या म्हाताऱ्या बायका, कॉन्व्हेंटच्या सिस्टर, त्यांच्या कपाळांवर क्रुसाचे चट्टे उठले होते. फादरांचा स्वतःचा अंगठा सोलून निघाला होता. मावशींच्या कपाळावरही लाल रेघा होत्या, पण त्या रांगेत पहिल्या होत्या, वरवरची राख त्यांना लागली. संध्याकाळच्या मिस्सेला फादरांनी वाटी बाजूला ठेवली आणि अंगठ्याला पट्टी असल्यामुळे दुसऱ्या हाताच्या कोरड्या बोटाने, राखेशिवायच, लोकांच्या कपाळांवर क्रूस काढले.

मुलगा दुकान बंद करून घरी आला तेव्हा सुनेने त्याला दिव्याखाली बसवलं. ओल्या कापसाने राख हळूहळू काढली. खाली तोच क्रूस होता, फक्त आता तांबडा आणि ओला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली की हे आगीने पोळल्यासारखं दिसत नाही, साबण करायच्या कॉस्टिक सोड्याने हात खाल्ले जातात तसं दिसतंय. राखेत कुणी पाणी घातलं होतं का, असं तिने सहज विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मलम आणायला उठली.

मावशींनी आपले हात पदराखाली घेतले. त्यांच्या बोटांची टोकं कालपासून चुरचुरत होती. भांड्यांच्या साबणाने असेल असं त्यांना वाटलं होतं.

त्या रात्री त्यांनी ठरवलं की रविवारी मिस्सा झाल्यावर सगळ्यांसमोर सांगायचं. पण रविवारी प्रवचनाच्या आधीच फादर पुढे आले. अंगठ्याला पट्टी तशीच होती. त्यांनी सांगितलं की राखेच्या बाबतीत चूक झाली, तुमच्यापैकी अनेकांना त्रास झाला, ती चूक माझी आहे आणि मी तुमची क्षमा मागतो. मग ते सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसले. चर्चमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. मागून कुणीतरी म्हातारी म्हणाली, अहो फादर, उठा, आमची कपाळं जुनीच होती. लोक हसले आणि प्रश्न मिटला.

मावशी पहिल्या बाकावर होत्या. त्या उठणार होत्या. गुडघे सरळही झाले होते. पण फादर उठून प्रवचनाला लागले आणि मावशी पुन्हा बसल्या. आपल्याला हायसं वाटलं, हे त्यांना मिस्सेच्या शेवटापर्यंत कळत राहिलं.

दुकानात वेगळीच मजा चालली होती. न्हाव्याला दिवसभर आरशासमोर उभं राहावं लागतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की समोर त्याला आपलं तोंड दिसतं आणि मागे न्हाव्याचं. त्यामुळे जो येईल त्याला तो क्रूस दिसायचाच. कुणी विचारायचा की नवस बोललास का. कुणी उगाच वस्तऱ्याखाली गंभीर होऊन आपल्या घरातली भांडणं सांगत बसायचा, जणू खुर्ची नसून पापनिवेदनाची पेटी आहे. मुलगा वैतागून कपाळावर केस ओढायचा, पण वडिलांसारखाच त्याचाही केसांचा किनारा मागे सरकलेला, ओढून ओढून ओढणार काय.

सगळ्यात जास्त छळायचे ते निवृत्त पोस्टमन. वडिलांचे मित्र, रोज सकाळी फुकट पेपर वाचायला बाकावर येऊन बसायचे. म्हणायचे, "शिक्का पडलाय, बाबा. आता टपाल परत घेता येत नाही. ज्याच्या नावाचं आहे त्याच्याकडे जाणारच."

"पत्ता चुकलाय," मुलगा म्हणायचा.

"पत्ता चुकला तरी शिक्का खराच असतो," पोस्टमन पान उलटत म्हणायचे.

मग एक दिवस जेवताना मुलानेच विषय काढला. दुकानात कुणीतरी त्याला फादरांच्या क्षमेची गोष्ट सांगितली होती. त्याने विचारलं की ते खरंच गुडघ्यावर बसले का. सून म्हणाली, हो, मी होते तिथे. त्याने ताट थोडं पुढे सरकवलं. मग म्हणाला, "पहिला माणूस भेटला असा, वेदीवरून चूक झाली म्हणणारा." आणि पाणी प्यायला, आणि जणू दुकानाच्या वेळेबद्दल सांगावं तसं म्हणाला, "झावळ्यांच्या रविवारी येईन म्हणतो. गिऱ्हाइकांना थांबवतो तासभर."

सुनेने टेबलाखालून मावशींचा हात दाबला. बोटांच्या टोकांना तो दुखला. मावशी हसल्या आणि ताट घेऊन उठल्या, आणि मोरीत नळ सोडून नुसत्याच उभ्या राहिल्या. ज्यासाठी इतकी वर्षं एक वेळ जेवल्या ते त्यांच्या घरात चालत आलं होतं. आणि ते ज्या शब्दाचा हात धरून आलं होतं, तो शब्द खरा नव्हता.

त्या आठवड्यात मावशी रोज क्रुसाची वाट करत होत्या, एकट्याच, दुपारी, चर्च रिकामं असताना. भिंतीवरच्या प्रत्येक चित्रापाशी थांबायचं, गुडघे टेकायचे, प्रार्थना म्हणायची आणि पुढच्या चित्राकडे जायचं. शेतावरून येणाऱ्या शिमोनाला धरून प्रभूचा क्रूस त्याच्या खांद्यावर देतात त्या चित्रापाशी त्या नेहमी लवकर उठायच्या, कारण तिथली फरशी उंचसखल होती आणि गुडघ्याला लागायची. यंदा तिथे त्या उठल्याच नाहीत. शिमोनाचं ओझं दुसऱ्याचं होतं, आणि ते त्याने मागून घेतलं नव्हतं. फादरांनी मात्र आपण होऊन घेतलं. आणि ज्याचं ते होतं तो माणूस पहिल्या बाकावर बसून बघत होता, मोकळ्या खांद्यांनी. मावशींना वाटलं, आपण एवढी वर्षं या भिंतीवरची धूळ पुसली, आणि त्या चित्रात आपणही उभ्या आहोत हे कधी पाहिलं नाही.

झावळ्यांचा रविवार जवळ आला की चर्चमधले सगळे पुतळे जांभळ्या कापडांनी झाकायचे असतात. मावशींनी कापडं इस्त्री करून ठेवली होती. फादर शिडीवर चढले आणि मावशी खालून एकेक कापड देत गेल्या. फादर तरुण होते, डोक्यावर केसांचं रान माजलेलं. शिडीवर वाकले की केस डोळ्यांवर यायचे आणि ते फुंकर मारून उडवायचे. मारियामातेच्या पुतळ्यावर कापड टाकून ते खाली उतरले तेव्हा मावशींनी सांगायचं ते सांगून टाकलं. बेकरीची राख, खवट तेल, पाणी, बशी झाकलेली वाटी.

फादर म्हणाले की त्यांना त्याच दिवशी तशी शंका आली होती. लोक तुमच्या अंगावर येतील, तुमचं वय, तुमची इतक्या वर्षांची सेवा, म्हणून मीच बोलून टाकलं. शिवाय धर्मग्रामात जे होतं त्याला मी जबाबदार आहेच, त्यामुळे ते अगदी खोटंही नव्हतं.

"अगदी खरंही नव्हतं, फादर," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच खाली होता. "तुम्ही माझ्यावर दया केलीत. पण माझा मुलगा तुमच्या त्या शब्दावर परत येतोय."

फादर शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. त्यांना ती जुनी दफनविधीची गोष्ट ठाऊक होती. त्यांनी विचारलं, "सांगितलंत तर तो कदाचित येणार नाही. ईस्टर झाल्यावर सांगता येईल का? एकदा त्याचं पाऊल आत पडू दे."

मावशींना हे आधी सुचलं नव्हतं असं नाही. कितीतरी दुपारी सुचलं होतं. त्या हातातल्या कापडाची घडी नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती राखही मी रात्रभर झाकून ठेवली होती, फादर. सकाळी वरून छान मऊ दिसत होती."

 फादरांनी उठून पुढचं कापड मागितलं, योसेफाच्या पुतळ्यासाठी, आणि दोघांनी मिळून उरलेलं काम पुरं केलं.

दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी मावशी तिथे गेल्या. शटर अर्धं वर होतं. मुलगा आत एकटाच साफसफाई करत होता. कंगवे गरम पाण्यात बुडवलेले, कात्र्या टॉवेलवर ओळीने मांडलेल्या, वस्तऱ्यांना तेलाचा हात. कपाळावरचा क्रूस आता फिकट गुलाबी झाला होता, नव्या कातडीचा. आईला दारात वाकून येताना बघून तो चकित झाला, कारण मावशी दुकानात कधी येत नसत. त्याने बाकावरचे पेपर उचलून जागा केली.

मावशींनी बसल्याबसल्या सगळं सांगितलं. काहीही मऊ केलं नाही. फादरांना त्या दिवशी नक्की माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं, आणि मी उठले नाही, हेही सांगितलं.

तो कात्री पुसत होता. पुसून झाली तरी पुसत राहिला.

"म्हणजे त्यांनी दुसऱ्याची चूक स्वतःची म्हणून सांगितली," तो शेवटी म्हणाला, "आणि तू ऐकून घेतलंस."

"हो."

"आणि मी त्यावर येणार होतो."

"हो."

"मग त्या जुन्या फादरांत आणि ह्यांच्यात फरक काय राहिला?"

मावशी म्हणाल्या, "त्यांनी स्वतःची चूक झाकली. ह्यांनी माझी झाकली. ती झाकू दिली मी. फरक आहे की नाही ते तूच ठरव, मी सांगणार नाही."

तो आरशाकडे वळला. आरशात त्याला स्वतःचं कपाळ दिसत असणार आणि मागे बाकावर बसलेली आई. तो तिच्याकडे न बघता, आरशातल्या तिच्याशी बोलला. "दहा वाजल्यापासून चुरचुरत होतं. गिऱ्हाइकाची दाढी करताना वस्तरा खाली ठेवावा लागला, एवढं. दोनदा ओला टॉवेल घेतला पुसायला. दोन्ही वेळा ठेवून दिला. तू म्हणालीस ना, बाबा पुसत नसत." तो थांबला. "देवासाठी नव्हतं ठेवलं मी ते. तुझ्यासाठी ठेवलं होतं."

मावशी क्षमा मागायला आल्या होत्या, पण तो शब्द त्या वेळी त्यांना फार लहान वाटला. त्यांनी नुसते हात मांडीवर उघडे ठेवले. मुलाची नजर तिथे गेली. बोटांच्या टोकांची कातडी पापुद्र्यांनी सुटली होती, खालची नवी कातडी चकचकीत, बिनरेघांची.

त्याने फडताळातून मलमाची नळी काढली, सुनेने दिलेली, अर्धी वापरलेली, आणि आईच्या मांडीवर ठेवली. स्वतः लावलं नाही. "रात्री झोपताना लाव," तो म्हणाला. मग पुन्हा कंगव्यांकडे वळला. "आणि रविवारी मी येईन असं धरून बसू नकोस."

मावशी शटरखालून वाकून बाहेर आल्या. रस्त्यावर लख्ख ऊन होतं. आपण रडू असं त्यांना वाटत होतं, पण रडू आलं नाही. खूप दिवस उचलून धरलेली जड घागर खाली ठेवल्यावर हात कसे आपोआप वर जातात, तसं काहीतरी त्यांना होत होतं. आणि घागर तर फुटली होती.

शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून क्रुसाची वाट केली. शेवटची प्रार्थना झाल्यावर मावशी पुढे गेल्या आणि माइक न घेताच म्हणाल्या की राख फादरांनी नाही, मी भिजवली होती, माझी चूक होती, आणि फादरांनी माझ्यावरचं बोलणं स्वतःवर घेतलं तेव्हा मी गप्प बसले. मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही. पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं. काही बायकांनी तोंडं फिरवली. एक सिस्टर डोळे मिटून बसली. मावशींनी किल्ल्यांचा जुडगा काढून वेदीच्या पायरीवर ठेवला. तेव्हा गायनमंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई, ज्यांच्या कपाळावरचा चट्टा अजून पुरता गेला नव्हता, काठी टेकत आल्या, जुडगा उचलून मावशींच्या हातात कोंबला आणि म्हणाल्या की हे सगळं ठीक आहे, पण रविवारी पहाटे दार कोण उघडणार आहे, मी? त्यावर फादर म्हणाले, मीही चुकलो, बाई, माझंही ऐकून घ्या. पण म्हातारी म्हणाली, तुमचं एकदा ऐकलं की आम्ही, आणि लंगडत निघून गेली.

झावळ्यांच्या रविवारी सकाळी मावशींनी दार उघडलं. झावळ्यांच्या मोळ्या पाण्यात भिजवून ठेवल्या होत्या, त्या सोडल्या आणि वाटल्या. मिरवणूक अंगणातून फिरून आत आली. मावशींनी ठरवलं होतं की शेवटच्या बाकाकडे बघायचं नाही. प्रभूच्या दुःखसहनाचं लांबलचक वाचन सुरू झालं तेव्हा सगळे उभे राहिले, आणि त्या उठण्याच्या गडबडीत त्यांची नजर गेलीच. बाक रिकामा होता. त्या वाचन ऐकत राहिल्या. त्यांनी मनात एवढंच म्हटलं की प्रभू, तो तुझ्याकडे यावा म्हणून मी तुला खोटं देणार होते, ते तू घेतलं नाहीस, बरं केलंस. मग पुन्हा वाचनाकडे कान दिला.

मिस्सा सुटली. मावशी वेदीवरचं सामान आवरून बाहेर आल्या तेव्हा अंगण जवळजवळ रिकामं झालं होतं. फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, मुलगा उभा होता. कामाचा पांढरा कोट अंगात, बाहीवर कापलेल्या केसांचे तुकडे. रविवार म्हणजे दुकानात सगळ्यात जास्त गर्दीचा दिवस.

"एकाला साबण लावून आलोय," तो म्हणाला. "पोस्टमनकाका सांभाळताहेत. वस्तऱ्याला हात लावू नका म्हटलंय."

मावशी त्याच्यापाशी जाऊन थांबल्या. फाटक मध्ये होतं, उघडंच. त्याने आत पाऊल टाकलं नाही आणि मावशींनी ये म्हटलं नाही. फादर कुणाशी तरी बोलत अंगणातून येत होते. मुलाला बघून ते थबकले. मग पुढे आले. दोघे पहिल्यांदाच समोरासमोर होते. बुधवारी एकाचा अंगठा आणि एकाचं कपाळ भेटलं होतं तेवढंच. फादर काहीतरी म्हणायला गेले, पण मुलगा आधी बोलला.

"केस फार वाढलेत तुमचे," तो म्हणाला. "उद्या दुकान बंद असतं. पण या. कुणी नसेल. बोलताही येईल."

"येतो," फादर म्हणाले. "मला बोलायचंच आहे."

फादर गेल्यावर मुलगा आईच्या हाताकडे बघत होता. मावशींच्या हातात त्यांची स्वतःची झावळी होती, अजून ओली. "ती दे," तो म्हणाला. मावशींनी दिली. त्याने ती घेतली तशी त्याची बोटं त्यांच्या बोटांच्या टोकांवरून फिरली, कातडी धरली का ते बघावं तशी. मग तो झपझप दुकानाकडे निघाला.

मावशींचं घर त्याच वाटेवर होतं. त्या मागून सावकाश येत होत्या. दुकानासमोरून जाताना त्यांनी आत पाहिलं. गिऱ्हाईक तोंडाला साबण फासून भुतासारखं बसलं होतं, आणि मुलगा स्टुलावर चढून आरशाच्या वर, वडिलांच्या फोटोमागे झावळी खोचत होता. खाली बाकावर पोस्टमनकाका पेपरवरून मान वर करून बघत होते. त्यांनी विचारलं की हे काय नवीन.

"पुढच्या वर्षीची राख आहे," मुलगा म्हणाला. "हलवू नका. टोपलीत कमी पडते."